भिंती उरल्या, घर गेले: स्थापत्य आणि अंतर्गत सजावट यांच्या फारकतीची कथा

१/
पुण्याच्या शनिवारवाड्यासमोर रोज असंख्य छायाचित्रे निघतात. त्यांत दगडी बुरूज असतात, अणकुचीदार खिळ्यांचा दिल्ली दरवाजा असतो, त्यावरचा नगारखाना असतो. वाडा मात्र त्यांतील एकाही छायाचित्रात नसतो. पेशवे जिथे राहिले, जिथे दरबार भरले, ती इमारत २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत गेली. आज उभी आहे ती तटबंदी. आत उरली आहेत ती जोती आणि हिरवळ.

२/
हा धागा त्या हरवलेल्या आतल्या भागाविषयी आहे. इमारत म्हणजे स्थापत्य आणि आतला भाग म्हणजे सजावट, अशी विभागणी आज इतकी अंगवळणी पडली आहे की ती नेहमीचीच होती असे वाटते. वास्तविक ती अलीकडची आहे. मराठी घराच्या इतिहासात ती फार उशिरा आली, आणि तिची किंमत जुन्या वास्तू आजही मोजत आहेत.

३/
शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० रोजी झाली आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ रोजी. पहिल्या बाजीरावांच्या काळातील या पहिल्या बांधकामाचा खर्च १६,११० रुपये असा सांगितला जातो. पुढच्या पेशव्यांनी त्यात दिवाणखाने, महाल, चौक आणि कारंजी यांची भर घातली. सवाई माधवरावांच्या काळातील कमळाच्या आकाराचे हजारी कारंजे त्यांपैकीच एक. सुमारे शतकभर वाडा आतून वाढत राहिला.

४/
आगीने नेमके काय नेले? दगड जळत नाही. जोती, तट आणि बुरूज राहिले. जळाले ते सागवान: खांब, तुळया, पाटण, जिने, दारे, कोरलेल्या महिरपी, रंगवलेली छते. ज्याला आज कोणी सहजपणे ‘सजावट’ म्हणेल, ते सारे गेले. पण हेच सागवान वाड्याचे मजलेही पेलत होते. त्यामुळे सजावट गेली तेव्हा तिच्याबरोबर इमारतही गेली.

५/
तो आतला भाग कसा होता, याचा एक प्रसिद्ध पुरावा आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. १७९० मध्ये सवाई माधवरावांचा दरबार आणि इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट यांच्यात झालेल्या तहाचे ते भव्य तैलचित्र. थॉमस डॅनिएल याने ते १८०५ मध्ये पूर्ण केले. त्यासाठीचा अभ्यास मात्र जेम्स वेल्स या दुसऱ्या चित्रकाराचा होता. पुण्यात काम करून वेल्स १७९५ मध्ये वारला.

६/
चित्रातील दालन शनिवारवाड्यातील गणपती रंगमहाल म्हणून ओळखले जाते. दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, त्यांवर महिरपी, समोर गणेशमूर्ती आणि जमिनीवर दाटीने बसलेली पांढऱ्या पोशाखातील मंडळी. एका साम्राज्याच्या सत्ताकेंद्राचे अंतरंग पाहायचे, तर परक्या देशातील चित्रकाराच्या रंगांवर भिसत ठेवावी लागते. तीही अशा चित्रकाराच्या, ज्याने तो प्रसंग दुसऱ्याच्या रेखाटनांवरून उभा केला.

७/
आता वाड्याच्या बांधणीकडे वळू या विषयाच्या गाभ्यासाठी. पेशवेकालीन वाड्याचा मूळ घटक खोली नसून ‘खण’ होता. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. तुळई किती लांबीची मिळते आणि किती भार पेलते, यावर हे अंतर ठरे. घर दोन खणी की पाच खणी, सोपा किती खणांचा, दिवाणखाना किती खणांचा, अशीच भाषा असे. लाकडाची ताकदच दालनाची लांबी-रुंदी ठरवीत होती.

८/
म्हणून खांब हा केवळ आधार राहत नसे. कोण कुठे बसेल, रांग कुठून सुरू होईल, पडदा कुठे टांगला जाईल, हे सारे खांबांच्या ओळीवर ठरे. खांबाखाली दगडी तळखडा असे, कारण लाकडाला ओल आणि वाळवी लागू नये. तोच तळखडा घडवताना पाथरवट त्यावर नक्षी काढी. उपयोग आणि शोभा यांची वेगवेगळी कंत्राटे निघत नसत.

९/
बुधवार पेठेजवळचा विश्रामबागवाडा आजही हे दाखवतो. दुसऱ्या बाजीरावांच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तो बांधला गेला. त्याचे सुरूच्या झाडासारखे निमुळते लाकडी खांब आणि त्यांवरची केळफुलाची नक्षी पाहिली, की सुताराचे काम कुठे संपते आणि नक्षीकाराचे कुठे सुरू होते, हे सांगता येत नाही. बहुधा तसे विचारण्याची गरजही त्या काळी कोणाला भासली नसावी.

१०/
एक बारकावा इथे नोंदवायला हवा. खांबांमधल्या सुंदर महिरपी बहुतेक ठिकाणी भार पेलत नसत. भार वरच्या तुळईवर असे आणि महिरप तिच्याखाली बसवलेली असे. म्हणजे निव्वळ शोभेसाठी केलेले काम त्या काळीही होते. पण ती शोभा खणाच्या मापातच जन्म घेई. खण बदलला की महिरप बदले. तिला इमारतीबाहेर स्वतंत्र अस्तित्व नव्हते.

११/
भिंतीचेही तसेच. वाड्याची भिंत जाड असे, कारण दगड, वीट आणि माती यांच्या त्या भिंतीला वजन पेलायचे असे. त्या जाडीतच घराचे सामान सामावे. दिव्यासाठी देवळी, पोथीसाठी कोनाडा, भांड्यांसाठी फडताळ, धान्यासाठी बळद. अनेक वाड्यांत अरुंद, उभा जिनादेखील भिंतीच्या पोटातूनच वर जातो. घर बांधून झाले की निम्मे फर्निचर आपोआप तयार झालेले असे.

१२/
खिडकीची उंची हा आणखी एक पुरावा. जुन्या वाड्याच्या माडीवर उभे राहिले की खिडक्या फार खाली वाटतात. त्यात चूक काहीच नाही. त्या घरात माणसे जमिनीवर, गादीवर, लोडाला टेकून बसत. खिडकीचा उंबरा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांशी जुळवलेला होता. पुढे टेबल-खुर्च्या आल्या आणि त्याच खिडक्या गुडघ्याशी आल्या. बैठक बदलली की बांधणीचा अर्थच बिघडतो, तो असा.

१३/
वरती पाहिले तर कडीपाट दिसतो. कड्या म्हणजे ओळीने टाकलेल्या लाकडी दांड्या आणि पाट म्हणजे त्यांवरच्या फळ्या. खालच्या दालनाचे हे छत, आणि वरच्या दालनाची जमीनही तीच. श्रीमंत घरांत कडीपाटाखाली नक्षीदार तक्तपोशी येई, हंड्या-झुंबरे टांगली जात. त्यांचे वजन कोणत्या कडीने घ्यायचे हे मात्र सुतारालाच ठाऊक असावे लागे. दिवा कुठे लागेल, हा प्रश्न बांधकामाच्या वेळीच सुटलेला असे.

१४/
येथे जुन्या घरांविषयी हळवे होण्याचा मोह टाळला पाहिजे. हीच अंतर्गत रचना समाजातील उतरंडही सांभाळत होती. ओसरीपर्यंत कोणी यायचे, सोप्यावर कोणी बसायचे, माजघरात कोणाला मज्जाव, चौकातील पाण्याला कोणी हात लावायचा, हे सारे उंबऱ्यांनी आणि पायऱ्यांनी ठरवलेले होते. दिवाणखान्याला उजेड आणि वारा मिळे. स्वयंपाकघराला आणि बाळंतिणीच्या खोलीला बहुधा अंधार व धूर.

१५/
पण म्हणूनच आतला भाग इतिहासासाठी अधिक मोलाचा ठरतो. बुरूज आणि दरवाजे सत्तेविषयी बोलतात, कारण ते बाहेरच्या जगाला दाखवण्यासाठीच बांधलेले असतात. स्त्रियांचे दिवस कसे गेले, नोकरचाकर कुठे निजले, जातीची रेषा घरात कुठून कशी ओढली गेली, हे आतल्या दारांच्या जागा सांगतात. जो इतिहास केवळ दर्शनी भाग जपतो, तो नकळत घरमालकाचीच बाजू मांडतो.

१६/
मग स्थापत्य आणि सजावट यांची फारकत कधी झाली? तिची एक निश्चित तारीख सांगता येणार नाही. परंतु दोन वर्षे लक्षात ठेवण्याजोगी आहेत. १८५४ मध्ये पुण्यात सरकारी बांधकाम खात्यासाठी माणसे घडवणारा अभियांत्रिकी वर्ग सुरू झाला. त्यातूनच पुढे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले. १८५७ मध्ये मुंबईत सर जे. जे. कलाशाळा सुरू झाली. बांधकामाचे गणित एका शहरात, नक्षी आणि चित्र दुसऱ्या शहरात.

१७/
वाड्याच्या सुताराला हे दोन्ही वर्ग एकाच वेळी गिरवावे लागत, तेही वडिलांच्या हाताखाली. नव्या व्यवस्थेने त्या एका कारागिराचे दोन शिक्षित व्यावसायिक केले. त्यात लाभही होता. पूल, धरणे, रेल्वे यांना लागणारे शास्त्र परंपरेने दिले नसते. आणि शाळेचे दार जन्मजात व्यवसायाच्या बाहेरच्यांनाही उघडणारे होते. परंतु ‘बांधणे’ आणि ‘सजवणे’ ही दोन वेगळी कामे आहेत, हा समजही याच काळात मूळ धरू लागला.

१८/
तरी दोन्ही हात एकत्र आले तर काय घडू शकते, हे मुंबईने लवकरच दाखवले. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार १८७८ मध्ये सुरू झालेले व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. त्याच्या कोरीव कामात जे. जे. कलाशाळेचा हात होता. पाने, फुले, पक्षी, प्राणी तिथे खांबांच्या माथ्यांतून आणि कमानींतून बाहेर येतात. दगडावर मागाहून चिकटवलेले काही वाटत नाही.

१९/
फारकतीचे दुसरे कारण साहित्याचे होते आणि ते शिक्षणाहून अधिक प्रभावी ठरले. मुंबईच्या काळाघोडा भागातील वॉटसन हॉटेल १८६९ मध्ये पूर्ण झाले. त्याचा ओतीव लोखंडी सांगाडा इंग्लंडहून सुट्या भागांत आणून इथे जोडलेला होता. भार सांगाड्याने घेतला आणि भिंतीची त्या ओझ्यातून सुटका झाली. पुढे सिमेंट-काँक्रीटने हीच गोष्ट घरोघर पोहोचवली.

२०/
या सुटकेचा परिणाम दूरगामी होता. भिंत पातळ झाली आणि पातळ भिंतीत देवळी बसत नाही, कोनाडा बसत नाही, बळद तर नाहीच. जे सामान भिंतीच्या पोटात होते ते बाहेर आले आणि कपाट, मांडणी, दिव्याचे स्टँड या नावांनी दुकानात गेले. खोली रिकामी खोकी झाली. रिकामी खोकी भरण्यासाठी वेगळा माणूस लागणे मग ओघानेच आले. इंटिरियर डिझायनरच्या व्यवसायाचे एक मूळ भिंतीच्या या कमी झालेल्या जाडीत आहे.

२१/
हा पेच केवळ इथला नव्हता. अमेरिकेत कादंबरीकार एडिथ व्हॉर्टन आणि वास्तुविशारद ऑग्डेन कॉडमन यांनी १८९७ मध्ये घरांच्या सजावटीवर एक ग्रंथ लिहिला. त्याचा रोख असा होता की घराची सजावट ही स्थापत्याचीच शाखा आहे. दालनाचे प्रमाण, दारे आणि खिडक्या नीट असतील तर पडद्यांचा आणि शोभेच्या वस्तूंचा भार लागत नाही. फारकत सुरू होताच तिच्याविरुद्ध तक्रारही सुरू झाली होती.

२२/
विसाव्या शतकातील मुंबईने या तक्रारीला एक सुरेख उत्तर दिले. कुलाब्याजवळचे रीगल चित्रपटगृह १९३३ मध्ये उघडले. वास्तुविशारद होते चार्ल्स स्टीव्हन्स, म्हणजे व्हिक्टोरिया टर्मिनसच्या स्टीव्हन्स यांचे पुत्र. अंतर्गत सजावट कार्ल शारा या कलावंताची. फिकट नारिंगी आणि हिरव्या छटांतील सूर्यकिरणांची कल्पना त्यांनी प्रेक्षागृहात खेळवली. माणसे दोन होती, कल्पना एकच. व्यवसाय वेगळे झाले म्हणून वास्तू दुभंगलीच पाहिजे असे नाही, याचा हा दाखला.

२३/
१९३७ मध्ये वास्तुविशारदांच्या संस्थेने मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये ‘आदर्श घर’ या विषयावर प्रदर्शन भरवले. नव्या फ्लॅटमधील दिवाणखाना, शयनगृह, स्वयंपाकघर कसे असावे हे मध्यमवर्गाला प्रत्यक्ष मांडून दाखवले गेले. वाड्यातून आणि चाळीतून फ्लॅटमध्ये येणाऱ्या कुटुंबाला घर नव्याने शिकावे लागत होते. ते शिकवण्याची जबाबदारी वास्तुविशारदांना तेव्हा आपलीच वाटत होती, हे विशेष.

२४/
१९७२ मध्ये संसदेने वास्तुविशारद कायदा संमत केला आणि ‘आर्किटेक्ट’ या बिरुदाला कायद्याचे संरक्षण मिळाले. त्याच वर्षी इंटिरियर डिझायनरांची अखिल भारतीय संस्थाही स्थापन झाली. पण त्यांच्या व्यवसायासाठी असा कायदा झाला नाही. एकाच घरावर काम करणारे दोन व्यवसाय आता दोन स्वतंत्र वाटांनी निघाले. इमारत पूर्ण झाल्यावर, चावी हाती आल्यावर ‘आतले काम’ सुरू करायचे, ही रीत पुढे सर्वत्र रूढ झाली.

२५/
या विचाराची छाया वारसा जतनावरही पडली. मुंबईत १९९५ मध्ये वारसा वास्तूंसाठी नियम लागू झाले आणि वास्तूंची श्रेणीनुसार विभागणी झाली. पहिल्या श्रेणीत आत आणि बाहेर दोन्हीकडे बदलांना कठोर मर्यादा आहे. दुसऱ्या श्रेणीत छाननी करून आतले बदल बव्हंशी मान्य होऊ शकतात. तिसऱ्या श्रेणीत मोकळीक अधिक. म्हणजे श्रेणी जसजशी उतरते तसतसा आतला भाग आधी संरक्षणाबाहेर पडतो.

२६/
या नियमामागे तर्क आहे, हे मान्य करायला हवे. घर म्हणजे संग्रहालय नव्हे. त्यात माणसे राहतात. त्यांना शौचालय हवे, वीज हवी, धूर न कोंडणारे स्वयंपाकघर हवे. ज्या माजघरात पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांनी अंधारात दिवस काढले, ते जसेच्या तसे ठेवा, असे त्यांच्या नातीला सांगणे अन्यायाचे होईल. आतला बदल हा राहत्या घराचा हक्कच आहे.

२७/
प्रश्न बदलाचा नाही, मोडतोडीचा आहे. पुण्यातील जुन्या पेठांचे वाडे अनेक आघातांनी खचले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठांतील माती-लाकडाची घरे कोसळली. त्यानंतर गोठलेली भाडी, न होणारी डागडुजी, वारसांचे वाद आणि जमिनीचे चढते भाव. वाडा पडतो तेव्हा माती डंपरमध्ये जाते; कोरीव खांब, दारे आणि तुळया मात्र विकल्या जातात.

२८/
ते खांब मग एखाद्या हॉटेलच्या दर्शनी भागात किंवा बंगल्याच्या बैठकीत ‘पारंपरिक लूक’ देत उभे राहतात. त्यांच्यावर कोणतीही तुळई नसते, खाली तळखडा नसतो, शेजारी खण नसतो. सुताराने भार पेलण्यासाठी घडवलेले लाकूड निव्वळ शोभेची वस्तू होते. स्थापत्य आणि सजावट यांच्या फारकतीचे याहून स्पष्ट चित्र मिळणे कठीण.

२९/
पुण्यातच या कथेची दोन टोके थोड्याशा अंतरावर पाहायला मिळतात. एका टोकाला शनिवारवाडा: कवच आहे, आतले घर नाही. दुसऱ्या टोकाला राजा दिनकर केळकर संग्रहालयातील मस्तानी महाल: कोथरूडच्या मूळ महालाचे अवशेष आणून तिथे दालन पुन्हा उभे केले आहे. आतले घर आहे, कवच नाही. केळकरांनी ते वाचवले नसते तर तेवढेही राहिले नसते. तरीही मूळ जागेचा उजेड, वारा आणि वाट त्या दालनाला परत मिळालेली नाही.

३०/
दोन्ही एकत्र पाहायचे असतील तर वाईजवळ मेणवलीला जावे लागते. कृष्णाकाठचा नाना फडणविसांचा हा वाडा चौकांसह उभा आहे आणि त्याच्या भिंतींवर जुनी चित्रेही आहेत. ‘स्वदेस’ चित्रपटामुळे अनेकांनी हा परिसर पडद्यावर पाहिलेला आहे. चौकातून सोप्यात, सोप्यातून आतल्या दालनात जाताना उजेड कसा मंदावतो, आवाज कसा बदलतो, हे तिथे अंगावर येते. कोणतेही पुस्तक ते सांगू शकत नाही.

३१/
यातून निघणारी मागणी साधी आहे. वारशाच्या यादीत वास्तूचे नाव घालताना तिचा आतला भागही वास्तू म्हणूनच नोंदवला जावा. खण किती, खांब कुठे, कोनाडे कुठे, जिना कसा, छत कोणते. जिथे बदल अटळ आहे तिथे बदलाआधी मोजमापे आणि छायाचित्रे घेणे बंधनकारक असावे. भार पेलणारे लाकूड आणि हलवता येणारे सामान यांत फरक केला, तर राहत्या माणसाचा हक्क आणि इतिहासाचा पुरावा दोन्ही सांभाळता येतात.

३२/
या कामासाठी सरकारी आदेशाची वाट पाहण्याचेही कारण नाही. ज्या तरुण इतिहासप्रेमींच्या खिशात आज कॅमेरा आहे, त्यांच्या आजोळच्या, मित्राच्या, गावच्या इनामदाराच्या घरात अजून एखादी काजळी धरलेली देवळी, एखादे बुजवलेले बळद, एखादा कडीपाट असू शकतो. घरमालकाची परवानगी घेऊन काढलेली दहा छायाचित्रे, एक मोजपट्टी, हाताने काढलेला नकाशा आणि घरातील वृद्ध स्त्रीने सांगितलेली खोल्यांची नावे. एवढ्यानेही एक घर नोंदवले जाते.

३३/
खोल्यांची नावे यासाठी महत्त्वाची, की ती वस्तूंच्याही आधी नाहीशी होतात. ओसरी, पडवी, सोपा, ओटी, माजघर, माडी, बळद, फडताळ. फ्लॅटने यांतील बहुतेक शब्दांना जागाच ठेवलेली नाही. शब्द गेला की ती जागा कशासाठी होती हेही कळेनासे होते आणि पुढच्या पिढीला भिंतीतले ते भोक केवळ एक भोक दिसते.

३४/
शनिवारवाडा जळाला तेव्हा पेशवाई संपून दहा वर्षे झाली होती. आतल्या दालनांचा खणाखणांचा तपशीलवार नकाशा आणि प्रत्येक खोलीचे चित्र कोणी करून ठेवले असते, तर दगडांतून घर पुन्हा वाचता आले असते. ती संधी १८२८ मध्ये गेली. अजून उभ्या असलेल्या वाड्यांच्या बाबतीत ती गेलेली नाही. दिल्ली दरवाजासमोर काढलेल्या पुढच्या छायाचित्राबरोबर एक छायाचित्र एखाद्या जुन्या माजघराचेही निघावे, इतकीच या धाग्याची अपेक्षा.

(धागा समाप्त)